सांबरशिंगाचं पाणी

मंगळवारी सकाळी नळ आला. बरोबर आठ दिवसांनी आला, म्हणजे वेळेवरच म्हणायचा. सिडकोतल्या त्या गल्लीत नळ आला की माणसं एकमेकांशी बोलत नाहीत, नुसते पाइप ओढतात. सरूबाईंनी दोन निळे ड्रम भरले, हंडे भरले, पिण्याची कळशी गाळून भरली, आणि तिसऱ्या ड्रमात पाइप सोडून भांड्यांच्या आवाजातच सांगून टाकलं,

"रविवारी सायली येनारय."

आप्पासाहेब देवघरापुढं बसून देव पुसत होते. हातातला बाळकृष्ण जरा थांबला, मग पुन्हा पुसला जाऊ लागला.

"कशाला?"

"तिचं झाड न्यायला. झाड घेऊन जाते म्हणली, मग परत तुमच्या दारात पाय ठेवनार नाय. फाटकाबाहेरूनच द्या म्हणली."

"असं म्हणली?"

"मी काय मनाचं सांगते का?"

आप्पासाहेबांनी बाळकृष्ण जागेवर ठेवला, गंध लावलं, फूल वाहिलं. कपडे तिनं नेले होते, सर्टिफिकिटं नेली होती, उशाशी असायचा तो टेबललॅम्पसुद्धा नेला होता. झाड गेलं की या घरात सायलीचं काही उरत नव्हतं. आणि जिथं माणसाचं काही उरत नाही, तिथं माणूस कशाला येईल? रविवारी येईल ती शेवटची, एवढं त्यांना नीट कळलं. वाईट वाटायला हवं होतं. त्यांनी थोडा वेळ वाट पाहिली. वाटलं नाही. मग ते ताम्हन घेऊन उठले.

सायली त्यांची एकुलती एक. वैजापूरच्या मार्केट यार्डात तीस वर्षं कांद्याच्या गोण्यांची वजनं लिहून आप्पासाहेबांनी तिला शिकवलं, शहरात हे घर बांधलं. ती वनस्पतिशास्त्र शिकली आणि पैठण रस्त्याला केळीची रोपं तयार करणाऱ्या एका प्रयोगशाळेत लागली. तिथं धम्मपाल होता. मुलगा शांत, निर्व्यसनी, तिच्याएवढाच शिकलेला. मुलगा बौद्ध होता. एकदा घरी आला तेव्हा आप्पासाहेब त्याला बस म्हणाले नाहीत. म्हणाले नाहीत म्हणून तो उभा राहिला, तो उभा म्हणून सायलीही उभी राहिली, आणि दोघं उभ्या उभ्याच निघून गेले. मागच्या भादव्यात त्यांनी कोर्टात लग्न केलं.

ती बातमी आली तेव्हा नळाला पाच दिवस बाकी होते. आप्पासाहेबांनी ड्रममधून दोन बादल्या पाणी उपसलं आणि मोरीत उभं राहून अंगावरच्या कपड्यांसकट डोक्यावरून ओतलं. माणूस मेल्यावर करतात ती अंघोळ. पोरीच्या नावानं केली, म्हणजे पोर मेली. सरूबाई दारात उभ्या होत्या. रडल्या नाहीत, भांडल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "एका बादलीत झालं नसतं का?"

तेव्हापासून आप्पासाहेबांना काही लागेनासं झालं. मिरचीचा ठेचा खाल्ला तरी नाकातून पाणी येईना. दुपारच्या उन्हातून चालत आले तरी पंखा लावायचं सुचेना. डॉक्टरला दाखवलं तर रक्तदाब तरण्या पोरासारखा निघाला. दुखत असतं तर दुखतंय म्हणता आलं असतं.

आणि कीर्तन. कीर्तन म्हणजे आप्पासाहेबांचा जीव. गल्लीतल्या मारुतीच्या देवळात दर शनिवारी संध्याकाळी रामकिसन महाराजांचं कीर्तन असे, आणि मागच्या टाळकऱ्यांच्या रांगेत डावीकडून पहिला माणूस म्हणजे आप्पासाहेब. संतांनी सगळ्या जातीच्या माणसांना एका पंगतीला घेतलं, हा प्रसंग आला की धोतराच्या सोग्यानं डोळे पुसणाऱ्यांत पहिले तेच. घरी आले की ते कीर्तन पुन्हा एकदा व्हायचं, सरूबाईंपुढं. महाराजांनी दृष्टान्त कोणता दिला, कुठं हसवलं, कुठं रडवलं, पखवाजवाला कुठं चुकला आणि चुकून वर महाराजांकडंच कसा बघत बसला. सरूबाई पोळ्या लाटता लाटता विचारायच्या, "मग आज काय सांगितलं महाराजांनी?" चाळीस वर्षं हा एकच प्रश्न, आणि चाळीस वर्षं त्याला तासभर उत्तर.

आता विचारलं की आप्पासाहेब म्हणत, "चांगलं झालं." आणि ताटावर बसत. टाळ वाजत होते, हाताला सवय होती. आत काही उतरत नव्हतं. पत्र्यावरून पाणी जावं तसं सगळं वरच्यावर जायचं.

राहता राहिलं झाड.

जिन्याखालच्या भिंतीला, जिथं ऊन येत नाही, तिथं एका सागवानी फळीवर ते बांधलेलं होतं. ना कुंडी, ना माती. बुडाशी शेवाळाचा गोळा, त्यावर भाकरीसारखी चिकटलेली गोल तपकिरी पानं, आणि त्यांच्या मधून सांबराच्या शिंगांसारखी फाटे फुटत गेलेली हिरवी पानं. त्यांवर बारीक पांढरी लव. नाव काहीतरी इंग्रजी होतं, पण घरात सगळे सांबरशिंगच म्हणत. सायलीनं ते आणलं तेव्हा आप्पासाहेबांनी विचारलं होतं, "माती नाय, मग खातं काय? बांडगूळ दिसतंय."

"बांडगूळ दुसऱ्याचा रस पितं, बाबा. हे कोणाचं काही घेत नाही. जंगलात झाडाच्या खोडाला नुसतं टेकून राहतं. वरून जे पाणी पडेल, जो पाचोळा पडेल, त्यावर भागवतं."

"म्हंजी तुझ्या मामासारखं."

आतून सरूबाईंनी लाटणं आपटलं होतं.

पाण्याची रीत सायलीनं आईला शिकवली होती. नळाच्या दिवशी सगळं भरून झालं की शेवटच्या बादलीत फळी पालथी दहा मिनिटं बुडवायची, निथळू द्यायची, परत खिळ्याला. मधल्या आठ दिवसांत थेंब नाही. "आपल्या नळाची आणि याची पत्रिका जुळते," असं ती म्हणायची. जाताना तिनं झाड नेलं नाही, कारण दोघांनी घेतलेल्या भाड्याच्या खोलीत दिवसभर ऊन. ती गेली आणि सरूबाईंनी त्या भिंतीकडं जाणंच सोडलं.

आप्पासाहेबांना रीत माहीत नव्हती, त्या गोष्टी मायलेकींच्या. सायली गेल्यावर चौथ्या दिवशी ते पूजा उरकून ताम्हनातलं पाणी घेऊन बाहेर आले. देवाच्या अंघोळीचं पाणी मोरीत जाऊ नये, पायदळी येऊ नये, झाडालाच घालावं, ही त्यांच्या घरची पिढ्यांची रीत. तुळस उन्हाळ्यात वाळली होती आणि नवी लावायचं कोणी मनावर घेतलं नव्हतं. समोर सांबरशिंग मान टाकून होतं. त्यांनी ताम्हन त्याच्या मधोमध रितं केलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा. मग रोज. गुरुवारी आणि एकादशीला पंचामृत असे, म्हणजे दूध, दही, तूप, मध, साखर. तेही तिथंच. आठ महिने असं चाललं. कोणी विचारलं असतं तर ते म्हणाले असते, पाणी वाया जाऊ नये म्हणून. कोणी विचारलं नाही.

या मंगळवारीही ते ताम्हन घेऊन वाकले, पण आज पहिल्यांदा त्यांनी झाडाकडं पाहिलं. पाच दिवसांनी पोरगी पाहणार, त्या नजरेनं पाहिलं. मधला कोंभ काळा पडला होता. दोन शिंगं बुडातून मऊ झाली होती. एकाला हात लावला तर ते हातातच आलं. खिळ्यापासून शेवाळापर्यंत मुंग्यांची रांग लागली होती. आणि नासलेल्या दुधाचा वास.

ताम्हनातलं पाणी त्यांनी ओतलं नाही. ते तसेच धरून उभे राहिले. पोरगी शेवटची येणार, आणि तिच्या हातात हे द्यायचं.

बुधवारी त्यांनी फळी रिकाम्या गोणीत घातली, रिक्षा केली आणि छावणीच्या रस्त्याला फकिराच्या नर्सरीत गेले. फकिरा मूळचा सोयगावकडचा, साठीला आलेला. सायली शेवाळ त्याच्याकडूनच न्यायची.

"या आप्पासाहेब. पोरगी कुठंय? लई दिवसांत दिसली नाय."

"हाय. बरी हाय. हे बघ जरा."

फकिरानं गोणीत डोकं घातलं आणि लगेच बाहेर काढलं. "झाड हाय का खरवस?"

आप्पासाहेबांनी गोणीचं तोंड मोठं केलं.

"दूध कोणी घातलं याला?"

"देवाचं हाय. अभिषेकाचं."

"देवानं पिलं आसतं तर ठीक होतं. देवानं नाय पिलं, मुंग्यांनी पिलं." त्यानं फळी बाकावर आडवी केली आणि चाकूच्या टोकानं शेवाळ उचकटलं. "रोज घालत होते का काय?"

"रोज."

"हे तहानेनं मरत नाय, आप्पासाहेब. तहान झेपते त्याला. पानी बसून राहिलं की बूड कुजतं. भिजवायचं आन मंग वाळू द्यायचं, त्याला मोकळं सोडायचं. तुम्ही वाळायला सवडच दिली नाय. मायेनं मारलं बगा."

"माया नाय," आप्पासाहेब म्हणाले. "पानी वाया जाऊ नये म्हणून."

फकिरानं त्यांच्याकडं एकदा नीट पाहिलं. मग तो उठला आणि जाळीखालून दुसरं सांबरशिंग घेऊन आला. तेवढंच, तसंच, हिरवंगार. "हे घ्या. जुन्या फळीवर बांधून देतो. पोरीला काय कळतंय."

आप्पासाहेबांनी ते हातात घेतलं. रविवारी फाटकातून हे दिलं तर बोलायचं काही उरणारच नव्हतं. पोरगी बघेल, म्हणेल बाबांनी जपलं, गाडीवर ठेवेल आणि जाईल. सगळं नीट होईल आणि संपेल. त्यांनी झाड परत केलं.

"नको. तिचं नाय हे."

"तुमची मर्जी. मंग ह्याचं ऐका. मधला कोंभ गेला. कडंला एक बारका हाय, त्यो अजून टणक हाय. सडकं सगळं कापायचं, शेवाळ फेकायचं, नव्या शेवाळात बांधायचं. आन जागा बदलायची नाय. दोन महिने हाय त्याच भिंतीला. रिक्षातून आणलं हेच जास्ती झालं. कापून देऊ?"

"पोरगी करील."

"मंग शेवाळ तरी न्या," फकिरा म्हणाला आणि पिशवी भरू लागला.

घरी आले तेव्हा सरूबाई विळीवर वांगी चिरत होत्या. आप्पासाहेबांनी फळी खिळ्याला लावली, आत आले, आणि उभ्यानंच म्हणाले,

"ते बुडवायचं असतं. तुला ठाऊक होतं."

"व्हय."

"आठ महिने मी वरून ओततोय. तू बघत होतीस."

"रोज बघत होते."

"मग बोलली का नाय?"

सरूबाईंनी हातातलं वांगं पाण्यात टाकलं. "पोरीच्या नावानं तुम्ही तेवढंच करत होता. ते बी बंद पाडू का मी? झाडाचं काय, झाड दुसरं येतं."

दाढ काढताना इंजेक्शन दिलेलं असलं की ओढलेलं कळतं आणि दुखत नाही, तसं काहीतरी आप्पासाहेबांना झालं. ते खुर्चीवर बसले. सरूबाईंनी पुढचं वांगं घेतलं.

गुरुवारी पूजा झाल्यावर ते सवयीनं ताम्हन घेऊन जिन्याखाली गेले, आणि तिथून परत फिरले. ते पाणी त्यांनी रस्त्यापलीकडच्या कडुनिंबाला घातलं. शेजारची मोनिका स्कूटी काढत होती. ती म्हणाली, "काका, इकडं कुठं?" ते म्हणाले, "कुठं नाय." शुक्रवारीही तसंच. शनिवारी संध्याकाळी कीर्तनाला जाऊन आले. सरूबाईंनी तवा ठेवला आणि विचारलं,

"काय सांगितलं महाराजांनी?"

"ऐकलं नाय."

"म्हंजी? गेला नव्हता का?"

"गेलो होतो. टाळ बी वाजवले. पन ऐकलं नाय."

"आजच का?"

"भादव्यापासून."

सरूबाईंनी त्यांच्याकडं पाहिलं. मग पोळी तव्यावर टाकली आणि त्या रात्रीपुरता प्रश्न मिटवला.

रविवारी दहाच्या सुमारास फाटकापुढं मोटारसायकल थांबली. सायली उतरली. जरा वाळली होती. धम्मपाल गाडीवरच बसून राहिला, रस्त्याच्या पलीकडं तोंड करून. सरूबाई फाटकाशी गेल्या, पोरीच्या तोंडावरून हात फिरवला आणि स्वतःच्या कानशिलावर बोटं मोडली.

"इथंच दे, आई. मी थांबत नाही."

आप्पासाहेब जिन्यापाशी उभे होते. आठ महिन्यांत पोरीशी बोललेलं पहिलं वाक्य त्यांनी ठरवलेलं नव्हतं.

"उचलून देण्यासारखं राहिलं नाय ते," ते म्हणाले. "आत येऊन बघ."

सायलीनं आईकडं पाहिलं. मग ती आत आली, जिन्याखाली गुडघ्यावर बसली, फळी खिळ्यावरून काढून मांडीवर घेतली. पालथी केली. वास घेतला.

"काय घातलं?"

"देवाचं पानी."

"दूधही?"

"व्हय. एकादशीला. गुरुवारी बी."

"केव्हापासून?"

"तू गेली तेव्हापासून. रोज."

तिनं फळी पुन्हा सुलटी केली. रागावली असती तर बरं झालं असतं. तिनं तोंड वर केलं ते आईकडं, आणि म्हणाली, "पेपर आण. आणि ब्लेड. आणि उकळून गार केलेलं पाणी असेल तर."

पेपरावर काळं शेवाळ पडत गेलं. शिंगं एकेक करून निघाली. ती कापायची, बोटानं दाबून पाहायची, पुन्हा कापायची. आप्पासाहेब बाजूला उकिडवे बसून पाहत होते. एवढ्या मोठ्या झाडाचं शेवटी तळहाताएवढं उरलं, एक गोल पान आणि कडेचा कोंभ, करंगळीच्या पेराएवढा.

"हे आत्ता नेता येणार नाही," सायली म्हणाली, फळीशी बोलावं तशी. "दोन महिने हलवायचं नाही."

"फकिरा बी तेच म्हणला."

"फकिराकाकांकडं गेला होता?"

"रिक्षानं. शेवाळ दिलंय त्यानं."

"फळी घेऊन रिक्षानं," ती म्हणाली. हसली नाही, पण आवाज जरा खाली आला.

"मग इथंच बांध."

"बांधायला दुसरं माणूस लागतं. आईच्या बोटांत चिकनगुनियापासून जोर नाही."

"मी धरतो."

त्यांनी धरलं. "दाबू नका बाबा, नुसतं टेकवा. कोंभ मोडेल." त्यांनी हात सैल केला तर शेवाळ घसरलं, आवळला तर पान वाकलं. सायली नायलॉनचा दोरा फिरवायची, दोन वेढे व्हायचे आणि तिसऱ्याला सगळं एका बाजूला सरकायचं. तिसऱ्यांदा सुटलं तेव्हा तिनं कपाळावरचा घाम मनगटानं पुसला.

"मागून ओढून धरणारा आणखी एक हात पाहिजे. धम्मपाल धरतो नेहमी."

बोलून गेली. आठ महिन्यांत ते नाव या घरात कोणी घेतलं नव्हतं. सरूबाईंनी पदराचं टोक बोटाला गुंडाळायला घेतलं. "राहू द्या," सायली म्हणाली, "मी पिशवीत घालून नेते. जगलं तर जगलं." आणि ती पिशवी शोधू लागली.

आप्पासाहेब तळहातावर तो तुकडा घेऊन बसले होते. जिन्याखालून फाटक दिसत होतं, फाटकाच्या गजांमधून गाडी, आणि गाडीवरचा माणूस. साडेदहाचं ऊन, एप्रिलचं. तो माणूस डोक्यावरचं हेल्मेटसुद्धा न काढता बसला होता. आप्पासाहेबांनी आत चाचपून पाहिलं. आधी भाव पाहिजे, मग सगळं, असं त्यांनी उभं आयुष्य कीर्तनात ऐकलेलं. भाव काही नव्हता. ना त्या मुलाबद्दल राग, ना माया, ना पश्चात्ताप. आत नुसतं शांत होतं, बंद पडलेल्या दुकानासारखं. भावाची वाट पाहत बसलं तर पोरगी पिशवी घेऊन गेलेली असेल, एवढं मात्र कळत होतं.

"धर," ते सरूबाईंना म्हणाले आणि तो तुकडा त्यांच्या ओंजळीत ठेवला. मग जिन्याला धरून उठले, पायात चपला सरकवल्या, आणि फाटकाकडं चालू लागले. मागं सायलीचा पिशवी शोधायचा आवाज थांबला.

कडी काढल्याचं ऐकून धम्मपाल वळला. गाडीवरून उतरला, हेल्मेट काढलं, आणि ते हातात धरून उभा राहिला. केस घामानं चिकटले होते.

"आत एक हात कमी पडतोय," आप्पासाहेब म्हणाले. "झाड बांधायचंय."

धम्मपालनं फाटकातून जिन्याखाली नजर टाकली. मग म्हणाला, "दोरा कोणता घेतलाय तिनं?"

"पांढरा. नायलॉनचा."

"तो कोरडा घसरतो. आधी भिजवून घ्यायला लागतो."

"मग ते तुम्ही सांगा तिला. माझं ऐकत नाय ती."

"माझंही ऐकत नाही," धम्मपाल म्हणाला.

त्यानं हेल्मेट आरशाला अडकवलं. दोघं फाटकातून आत आले, आप्पासाहेब पुढं, तो दोन पावलं मागं. जिन्याखाली सायली दोऱ्याचं टोक दातांत धरून बसली होती. सरूबाईंची ओंजळ तशीच होती, जराही न हलता. सायलीनं वर पाहिलं, एकाकडं, मग दुसऱ्याकडं, आणि दातांतला दोरा काढून म्हणाली,

"चपला तिकडंच काढून या. इथं सगळं सांडलंय."

कोणाला म्हणाली ते कळलं नाही, म्हणून दोघांनीही काढल्या.